वाळवंटाला निघालेले आतोबा

काशीत लोक मोक्षाची तयारी करायला येतात. माझे आतोबा जन्मापासून काशीत राहून वाळवंटाची तयारी करतात. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. संस्कृतचे निवृत्त मास्तर, वय सदुसष्ट, वजन फार तर पन्नास किलो, आणि त्यातलं निम्मं चष्म्याचं असावं. संकठा घाटाजवळच्या ज्या गल्लीत ते राहतात तिथे समोरून गाय आली तर माणसाला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून तिला वाट द्यावी लागते. अशा गल्लीतल्या माणसाने चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप घ्यावी आणि ती वाळूत चालवण्यासाठी घडवत बसावं, हे बँकेच्या बदलीने मी त्यांच्याकडे राहायला येईपर्यंत मला थापच वाटत होती. जीप मोठ्या रस्त्यावर, मैदागिनला, एका जुन्या विद्यार्थ्याच्या आवारात उभी असते. सकाळी गंगास्नान, मग संध्या, मग जीप, असा आतोबांचा नित्यक्रम. त्यातली संध्या एखाद्या दिवशी चुकली तर चालते.

विद्या सगळी मोबाइलवरची. कुठल्या तरी अरबी देशातले लोक वाळूच्या टेकड्यांवर गाड्या पळवतात ते व्हिडिओ आतोबा तासन् तास बघत. भाषा कळत नसे, पण वहीत टिपणं मात्र शुद्ध संस्कृतात. त्या टिपणांतला पहिला नियम असा, की वाळूत जायचं तर टायरमधली हवा कमी करावी, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. आतोबांनी सवय व्हावी म्हणून उभ्या गाडीची हवा काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतात तो चारही टायर टम्म. त्यांनी पुन्हा काढली, पुन्हा कुणीतरी भरली. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी समोरचा पानवाला कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, "पंडितजी, रोज कोई बदमाश आपकी हवा निकाल जाता है. हम भरवा देते हैं, आप निश्चिंत रहिए." त्या भल्या माणसाला खरं सांगायचं आतोबांच्या जिवावर आलं. पुढचे दोन महिने हे काढत राहिले आणि तो भरवत राहिला.

मुहूर्ताशिवाय जीपला पाना लागायचा नाही. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी वीतभर उंच केली ती गुरुपुष्यावर. रुंद टायर चढले अक्षय्य तृतीयेला. इंजिनाला धूळ न जाता हवा मिळावी म्हणून बॉनेटच्या कडेने टपापर्यंत एक काळी नळी नेली, तर गल्लीत बातमी पसरली की पंडितजींनी गाडीत चूल मांडली. टपावर दोन कॅन बांधले, एकात डिझेल आणि दुसऱ्यात गंगाजल. "वाळवंटात प्यायला पाणी लागतं गं, आणि एखादा माणूस तिथे गेलाच तर तोंडात घालायला हेच बरं पडतं," आतोबा मला म्हणाले. अशा माणसाबरोबर प्रवासाला कोण जाणार, तुम्हीच सांगा.

जाणार होती माझी आत्या. हे सगळं तिच्यासाठीच तर चाललेलं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुराचं पाणी त्यांच्या खालच्या खोल्यांत शिरलं. पाणी ओसरल्यावर आत्या आठ दिवस घमेल्याने गाळ उपसत होती. तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, "मला एकदा अशा जागी न्या, जिथे पाण्याचा थेंब दिसायचा नाही." नवऱ्याला सुनावलेली अशी वाक्यं नवरे लगेच विसरतात. आतोबांनी हे वाक्य चाळीस वर्षं जपलं आणि निवृत्त झाल्याबरोबर जीप आणली. बायकोला एकदा जैसलमेरचं वाळवंट दाखवायचं, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती.

दसऱ्याला गाडी पुरी झाली. झेंडूचा हार, आपट्याची पानं, नारळ, सगळं रीतसर झालं. आत्या रिक्षातून आली, जरीकाठी नेसून. आतोबांनी दार उघडलं, आणि आम्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की जीपचं पाऊल ठेवायचं ठिकाण आत्याच्या कमरेला लागतंय. तिचे गुडघे गेल्याला नऊ वर्षं झाली होती. घाटाच्या पायऱ्या तिने तेव्हाच सोडल्या होत्या, नावेत बसणंही सोडलं होतं. चौरंग आणला, त्यावर पाट ठेवला, पानवाल्याने आपलं स्टूल दिलं. पाच जणांनी सात प्रकारचे सल्ले दिले. पण गुडघा वळेना. शेवटी आत्या जीपचं दार धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला फोटो दाखवा."

त्या माणसाने गाडी जमिनीपासून किती उंच हवी हे दोऱ्या लावून दहा वेळा मोजलं होतं. ज्या बाईसाठी गाडी, तिचा गुडघा मोजायचा राहिला होता. आतोबा घरी आले ते जेवलेच नाहीत. पुढे आठवडाभर व्हिडिओ बंद, वही बंद. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकीच दयाही येत होती. मग एका सकाळी आत्या पोळ्या लाटत असताना ते टेप घेऊन स्वयंपाकघरात आले, खाली बसले, आणि तिच्या पावलापासून गुडघ्यापर्यंतचं माप घेऊन गेले. "आता काय माझे पाटे बदलणार आहात का?" आत्या म्हणाली.

त्याच दिवशी, मुहूर्त न बघता, जीप मिस्त्रीकडे गेली. उंच पाटे निघाले, रुंद टायर निघाले. मिस्त्रीने दोन वर्षं जीव ओतून ते बसवले होते. "सारी दुनिया ऊँची करवाती है, आप नीची करवा रहे हैं," असं म्हणत तो हळहळत होता. आतोबांनी टेपवरचा आकडा दाखवला, खाली एक रुंद पायरी लावून घेतली, आणि गाडी चार-चार बोटं खाली आली की दर वेळी स्वतः चढून-उतरून बघितलं.

पौषात गंगेपलीकडची रेती चांगली कोरडी झाली तेव्हा एका रविवारी आम्ही पूल ओलांडून तिकडे गेलो. आत्या आपली आपण चढली आणि पदर सावरून पाटावर बसावी तशी ऐसपैस बसली. आतोबांनी चारही चाकांचा जोर लावला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि गाडी रेतीत घातली. पन्नास पावलांवर ती पोट टेकून बसली. इतकी बुटकी केल्यावर दुसरं काय होणार? आतोबांच्या उत्साहाला मात्र भरती आली. फावडं निघालं, चाकांखाली फळ्या गेल्या, हवा निघाली, आणि इथे ती परत भरायला कुणी नव्हतं. मग गाडीच्या तोंडाशी बसवलेली तारेची चरखी उलगडली. ती तार झाडाला बांधून गाडी ओढायची असते. त्या अख्ख्या रेतीत झाड नव्हतं.

आत्या केव्हाच खाली उतरली होती. गाडी रुतल्यामुळे तर तिला पायरीही लागली नाही. पलीकडे सगळे घाट उन्हात उघडे पडले होते. नऊ वर्षं त्याच घाटावर राहून तिने घाट पाहिला नव्हता. "अगं, तो बघ संकठेच्या देवळाचा कळस, आणि ती आपली गच्ची. सकाळी वाळत घातलेली पिवळी चादर दिसते बघ," ती मला हाताला धरून दाखवत होती. तिचे डोळे भरून आले होते. मग आतोबांच्या खटपटीकडे बघून म्हणाली, "अहो, या काठाला मेलं तर गाढवाचा जन्म येतो म्हणतात. येऊ दे. गाढव निदान वाळूत रुतत तरी नाही."

शेवटी रेतीवर सैर करवणारे उंटवाले धावून आले. सहा माणसं आणि एक नाखूश उंट लागला तेव्हा जीप निघाली. परत मैदागिनला पोचलो. आतोबांनी गाडी बंद केली. मग समोर बघतच म्हणाले, "जैसलमेरला आता ही जायची नाही. फार खाली केली."

"माझ्यापर्यंत आली ना? बास झालं," आत्या म्हणाली. ती उतरायचं नावच घेत नव्हती.

आतोबांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग मागे वळून मला म्हणाले, "तू उतर गं. आम्ही जरा आणखी एक चक्कर मारून येतो."

मी उतरले. ती बुटकी जीप रिक्षांच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत फाटकापाशी उभी राहिले. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात ती दोघं पहिल्यांदाच काही काम नसताना बाहेर निघाली होती.