वाढ्यांतली पिसं

सासूला मी आत्या म्हणते. पलूसच्या आमच्या शिवारात त्यांना बनुबाई म्हणतात. आत्या सापाला भीत नाहीत, मामंजींना तर मुळीच नाही. पण या हिवाळ्यात कोंबड्यांच्या साथीची बातमी आली आणि जनावरांचे डॉक्टर म्हणाले, परदेशात हा रोग गाईंनाही झालाय, गाईंपासून माणसांनाही. तेव्हापासून आत्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

गोठ्याच्या दारात चुना पडला. पाखरं बसू नयेत म्हणून हौदावर जाळी आली, घरच्या कोंबड्या विकल्या. चपला न बदलता आत गेले म्हणून मामंजींनी चारचौघांत बोलणी खाल्ली. मला हसू यायचं.

मग एका दुपारी धुळामामा आले, आत्यांचे धाकटे भाऊ. त्यांच्या शेडमधल्या कोंबड्या पटापट मरत होत्या.

"थितंच थांब रं," आत्या आतूनच ओरडल्या.

"आक्का, माझं वाटुळं व्हाय लागलंय, अन् तू मला दारात उभा करतीस?"

आत्यांनी कुंपणावरून चहा दिला. घोट घेत मामा म्हणाले, "वाढं पोचलं न्हवं सकाळी? माझीच ट्रॉली हुती. शेडातलं खत उसात टाकलं, येताना वाढं भरलं. रिकामी कशाला आणायची?"

आमच्याकडं सगळे असंच करतात. कोंबडखत उसाला जातं आणि त्याच ट्रॉलीतून वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांना येतात. रिकामी ट्रॉली फिरवणारा येडा ठरतो.

आत्या गोठ्याकडं धावल्या. गव्हाणीतल्या वाढ्यांत पांढरी पिसं होती आणि राणी गाय रवंथ करत होती. आत्यांनी हातांनी सगळं उपसलं. मग बाहेर येऊन भावाला म्हणाल्या, "माज्या गाईला काय झालं, तर तुजं त्वांड बगणार न्हाई." मामा कप कुंपणावर ठेवून गेले.

चारच दिवसांत राणीचं दूध चिकासारखं घट्ट, पिवळं झालं. डॉक्टरांनी नमुना नेला आणि डेअरीला दूध घालणं बंद केलं. आत्यांनी आपलं अंथरूण गोठ्याशेजारच्या छपरात नेलं. "अंकिता, तू हिकडं येऊ नगंस. प्वारीला तर आजिबात आणू नगंस." माझी लेक उंबऱ्यातून "आजी, ये की" म्हणून रडायची आणि आत्या पाठ फिरवून शेण ओढत राहायच्या. त्यांचे खांदे हलताना मला दिसायचे. रोज सकाळी त्यांचा खोकला ऐकू आला की मी उंबऱ्यापर्यंत धावायचे.

रिपोर्ट आला. तो रोग नव्हता; नेहमीची दगडी, कासेचा आजार. आत्या खाली बसून रडल्या. मग पहिला फोन मामांना लावायला सांगितला.

"धुळा, वाचली रं माजी राणी!"

"लय बरं झालं, आक्का," मामा म्हणाले. "माज्या कोंबड्या आज सगळ्या मारून पुरल्या. सरकारी मानसं आत्ताच गेली."

आत्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"जेवलास का रं?" त्यांनी विचारलं.