समीरची आरती कशी झाली, ते मी काल सांगितलं नाही

काल समीरच्या शोकसभेत एक धडधडीत खोटं बोललं गेलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीसुद्धा.

समीर गेला त्याला आज बारा दिवस झाले. हार्ट अटॅक. वय सेहेचाळीस. नागपूरला इंजिनीअरिंगला आम्ही एका बाकावर होतो, इथे व्हर्जिनियात एका गल्लीत.

हर्नडनची नोकरी सोडून तो अ‍ॅशबर्नच्या घराच्या बेसमेंटमध्ये पॉप गाण्यांचं काम करायचा. व्होकल एडिटिंग. आपल्या मराठी मंडळात कुणीही विचारलं नाही की म्हणजे नेमकं काय. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की पोराला वेड लागलंय.

ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

गायिका एकच ओळ तीस-चाळीस वेळा गाते. तिसऱ्या टेकमधला एक शब्द चांगला असतो, सतराव्यातला शेवटचा सूर. एखाद्यात नुसता श्वास खरा वाटतो. समीर ते एकेक निवडून रफू केल्यासारखं जोडायचा. एका ओळीला कधी अख्खा दिवस जायचा.

त्याच्या आधी कुणी चाल बांधलेली असायची, कुणी ठेका. कुणी कोरसमधले फक्त चार शब्द लिहिलेले असायचे. एका गाण्यामागे दहा-बारा माणसं, निम्मी एकमेकांना कधी भेटलेलीही नाहीत.

मंडळाच्या एका पॉटलक जेवणाला हे ऐकून आपले अध्यक्ष काका म्हणाले, “म्हणजे फॅक्टरीतला माल म्हण की!”

सगळे हसले. मी तर टाळी दिली.

आपल्या जुन्या सिनेमाच्या गाण्यांतही कवी वेगळा, संगीतकार वेगळा, वाजवणारे पन्नास, हे तेव्हा कुणाला आठवलं नाही. आपल्या मुलांच्या बर्थडे पार्टीला समीरच्याच गाण्यांवर नाच चालतो, हेही नाही.

घरी जाताना कारमध्ये मी म्हटलं, “बारा जण मिळून एक गाणं? मग ते कुणाचं यार?”

तो म्हणाला, “ऐक न बे. आपला तुकडा जीव ओतून करायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. तो बिघडवणार नाही यावर भरवसा ठेवायचा. याला कला नाही म्हणत तर काय म्हणतात, तू सांग.”

मी रेडिओ लावला.

आता कालचं.

सभेत मुलांची आरती लावली. चार वर्षांपूर्वीच्या गणपतीसाठी समीरने रेकॉर्ड केलेली, सव्वीस मुलांची. दर वर्षी वाजते, दर वर्षी आपण डोळे पुसतो. कालही पुसले.

मग अध्यक्ष काका माइकवर आले. “समीरने गुणी हात मशीनच्या गाण्यांत वाया घालवले. पण ही आरती बघा! मुलं उभी राहिली आणि मनापासून गायली. हे खरं संगीत. यात मशीनने काही केलेलं नाही.”

पहिल्या रांगेत समीरची बायको रेवा खाली बघत होती.

त्यानंतर बोलायची पाळी माझी होती. मी म्हणालो, “समीर मनमिळाऊ होता. मदतीला नेहमी धावून यायचा.” आणि जागेवर जाऊन बसलो.

पार्किंग लॉटमध्ये त्याची लेक इरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चौदा वर्षांची आहे.

“काका, यू वेअर देअर. यू सॉ बाबा मेक इट.”

मी म्हटलं, “बेटा, तिथे ती वेळ नव्हती.”

“देन व्हेन?”

मी गाडीत जाऊन बसलो. उत्तर आता देतो.

ती सव्वीस मुलं एकत्र कधीही गायलेली नाहीत. एकदाही नाही. कुणाचं सॉकर, कुणाचा मॅथचा क्लास, कुणाला ताप. तीन रिहर्सल कॅन्सल झाल्यावर समीर म्हणाला, एकेकाला पाठवा.

बेसमेंटच्या क्लोजेटमध्ये, हिवाळ्याच्या कोटांच्या मधोमध, त्याने एकेका मुलाला उभं केलं. मी दारात बसून नावं पुकारत होतो. निम्म्या मुलांना शब्द येत नव्हते, तर त्याने ते एकेक करून म्हणवून घेतले. मग महिनाभर ते सव्वीस आवाज तो एकमेकांशेजारी बसवत होता.

एका मुलाचा सूर काही केल्या लागेना. त्याची आई म्हणाली, “याला वगळलंत तरी चालेल.”

समीर म्हणाला, “वहिनी, हा नसला तर बाकीचे पंचवीस शाळेतल्या प्रार्थनेसारखे वाटतील.” त्या मुलाचा सूर त्याने थोडा वर उचलला, आवाज मात्र त्याचाच ठेवला. शेवटी जो पोरगा सगळ्यांच्या पुढे जाऊन “मोरया” ओरडतो आणि आपल्याला रडू येतं, तो हाच.

ज्या मशीनला तुम्ही नावं ठेवलीत त्याच मशीनवर हे झालं. बारा माणसांच्या गाण्यांवर तो जे शिकला त्याच हातांनी.

आणि आईबाबांनो, तुम्हाला हे माहीत होतं. तुम्हीच मुलांना एकेक करून ड्रॉप केलं होतं. ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसून राहिला होतात. काल तुम्ही माना कशा डोलावल्यात?

मला तुमचा राग येतोय. माझा त्याहून जास्त येतोय, कारण माइक माझ्या हातात होता.

इरा, काल तुझ्या बाबाचं काम तुझ्यासमोर पुसलं गेलं आणि मी बघत बसलो. ती आरती त्याने केली. त्या सव्वीस मुलांनी केली. कुणी आपोआप गायलेलं नाही त्यात काही. पुढच्या गणपतीत ती वाजायच्या आधी हे मी माइकवर सांगेन. माइक नाही दिला तर खुर्चीवर उभा राहून सांगेन.

समीर, श्रद्धांजली काल सगळ्यांनी वाहिली. मी आज माफी मागतोय.

जा बे आता.