पाना दुसऱ्याच्या गाडीला

पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या ज्या गॅरेजनं मला थारा दिला, तिथला एक नियम होता. शर्यतीच्या दिवशी आपल्या गाडीला आपण पाना लावायचा नाही. गॅरेजवाले काका पोलादाच्या प्लांटातून रिटायर झालेले, सगळी नोकरी मशिनी दुरुस्त करण्यात गेलेली. आपण केलेलं काम आपणच तपासलं की डोळे चूक लपवतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही दोघं रायडर एकमेकांच्या मोटरसायकली कसायचो. माझी तो, त्याची मी.

मी पार वाशीमच्या पलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. काकांनी राहायला गॅरेजवरचा माळा दिला, चालवायला गाडी दिली. काकूंकडे जेवण कधी मागावं लागलं नाही, ताट वाढलेलंच असायचं. त्यामुळे एखाद दिवशी आपण या माणसांना नकोसे होऊ, ही धास्ती कायम. माझा जोडीदार प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर सहाचा, प्लांटातल्या कामगाराचा मुलगा. घरात मराठी, बाहेर हिंदी. संध्याकाळी तो स्वतःच्या घरी जायचा. म्हणूनच एवढा मोकळा हसतो, असं मला वाटायचं.

कुम्हारीकडच्या मैदानावर मातीच्या ट्रॅकची शर्यत होती. नागपूरच्या एका मोठ्या टीमचा माणूस बघायला येणार होता आणि त्याला एकच रायडर हवा होता. ती जागा मला हवी होती, आणि हवी असल्याची काकांसमोर लाजही वाटत होती. काकांनी बजावलं होतं की आमच्यातला जो पुढे असेल त्याला मागच्यानं छेडायचं नाही, बाकीच्यांना अडवायचं. आम्ही माना हलवल्या. त्याची जरा लवकरच हलली.

सकाळी तो माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी बसला होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मध्येच त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकला. मी त्याच्या चाकाचा नट आवळत होतो, पण नजर त्याच्या हातांवर. सरळ विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे काकांच्या नियमावरच शंका घ्यायची.

शर्यतीत तो पुढे, मी त्याच्या मागोमाग. मला पुढच्या चाकातून टकटक ऐकू यायला लागली. कधी यायची, कधी नाही. ट्रॅकच्या टोकाला मातीचा मोठा उंचवटा होता, तिथून गाडी हवेत जायची. उतरताना चाक निखळलं तर माणूस उरत नाही. शेवटच्या फेरीत उंचवट्याच्या आधी मी मुठीतली रेस सोडली, वेग पडला. तेवढ्यात माझ्यापुढे त्यानंही सोडली. रायपूरचा एक पोरगा आम्हा दोघांच्या बाजूनं उडून गेला आणि जिंकला. नागपूरचा माणूस बक्षिसं वाटायच्या आधीच निघून गेला.

गर्दी पांगली. मग काका म्हणाले, "दोघायनं एकाच जागी रेस कावून सोडली?"

जोडीदार मातीकडे बघत राहिला. "ये सुबह से मेरेको घूर रहा था, काका. मले वाटलं, यानं माह्या गाडीले काही केलं."

म्हणजे सकाळी तो वळून बघत होता ते त्यासाठी.

काका म्हणाले, "गाड्या बदला. ज्यानं जी कसली, त्यानं ती उडवून दाखवावी."

तो आधी गेला, माझ्या गाडीवर. जराही रेस सोडली नाही. गाडी उंच गेली, उतरली, चाक जिथल्या तिथं.

मग मी त्याच्या गाडीवर बसलो, किक मारली आणि सकाळ आठवायला लागलो. त्याचे हात आठवत होते. माझे आठवेनात. नट पुरता आवळला होता का? मी गाडी बंद केली आणि पाना मागितला.

काकांनी दिला. मी लावला, अंगातला सगळा जोर दिला. नट तसूभरही फिरला नाही. तेव्हा कुठे उंचवट्यावरून गेलो.

परत आलो तर काका टेम्पोत गाड्या बांधायला दोरी शोधत होते. "आता पुढच्या टायमाले कोन कोनाची गाडी पाहीन?"

"माही यालेच पाहू द्या," जोडीदार म्हणाला. "हा पाना मांगते."

हे कौतुक की टोमणा, मला कळेना. पावर हाउस येईपर्यंत टेम्पोत मी त्याच्याकडे तिरप्या नजरेनं बघत राहिलो. तोही बघत होता.