त्या ड्रॉइंगखाली माझाच अंगठा होता

मंडळी, आज दोनशे पार्ट भंगारात जाता जाता वाचले.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. कंपन्यांची ड्रॉइंग, त्यातले बदल, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. कागदपत्रांसाठी वेगळं ॲप घ्या, असं बायको वर्षभर सांगतेय. मी म्हणायचो, चाललंय ना नीट!

सकाळी मशीन सुरू करणार, तेवढ्यात आमचे जुने ऑपरेटर सलीमचाचा म्हणाले, "शेठ, थांबा. काल माल पोचवायला महाळुंग्याला कंपनीत गेलो, तर तिथं या पार्टचं भोक चौदा एमएमचं म्हणत होते. आपण बाराचं का पाडतोय?"

मटेरियल कंपनीचं. वाया गेलं तर पुढचं काम विसरा. ग्रुप उघडला. सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक, नुसतं वर सरकवतोय. ड्रॉइंग सापडेना. चाचा मशीनच्या बटणावर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे.

सापडलं. सोमवारचं, बदललेलं. भोक चौदाचंच.

खाली पाच अंगठे. त्यातला एक माझा. विचारलं तर पाचातल्या एकानंही ते उघडलं नव्हतं. आणि चाचा? त्यांच्याकडे साधा फोन, ते ग्रुपमध्येच नाहीत.

आता बायकोनं माझ्या फोनमध्ये ते ॲप घालून दिलंय. वापरू, नक्की वापरू. पण खरं सांगा राव, त्यातही अंगठा असतोच ना?