वेस नसलेली धिंड

बूट पॉलिशची डबी उघडली की तुम्हाला काय आठवतं? मला लालबागच्या आमच्या चाळीचा गणपती आठवतो, कारण एका वर्षी मूर्तीवरची चांदीच्या दूर्वांची जुडी नाहीशी झाली आणि आळ आला मांडव झाडणाऱ्या मावशींवर. चार कार्यकर्त्यांनी भर चौकात त्यांच्या तोंडाला पॉलिश फासलं. "आता गाढव आण रे, पूर्वीसारखी धिंड काढू," एक म्हणाला. "गाढव कशाला? मोबाईल काढ," दुसरा हसला. मी मध्ये पडलो, ओरडलो, तर दोघांनी मला भिंतीशी दाबून धरलं. मावशी पदराने तोंड झाकत एवढंच म्हणत होत्या, "पोरीच्या सासरी दाखवू नका रे." तोवर व्हिडिओ गेलाही होता. संध्याकाळी ती जुडी निर्माल्यात सापडली. सकाळी कुणीतरी खऱ्या दूर्वांबरोबर तीही उतरवली होती. मध्ययुगातली धिंड निदान गावाच्या वेशीपाशी संपायची. ही मावशींच्या लेकीच्या सासरी पोचली, आणि अजूनही दर गणपतीत कुणाच्या तरी फोनवरून माझ्याकडे येते. तुमच्याकडे आली, तर पुढे पाठवू नका. पुसून टाका, आणि पाठवणाऱ्याला कळवा की दूर्वा त्याच संध्याकाळी सापडल्या होत्या.