सगुणाची अब्रू आणि माझं अक्षर

वकिलाच्या ओसरीवर वीस वर्षं कारकुनी केली की किस्से शोधावे लागत नाहीत. चपला काढून तेच आत येऊन बसतात! भोर संस्थान होतं तेव्हाचे किस्से सांगून मी पुष्कळांना हसवलंय. सगुणाच्या केसचा किस्सा सांगताना मात्र अडखळतो. त्या केसमधलं खोटं माझ्या अक्षरात होतं.

*

भोंगवलीचा तुकाराम फारकतीचा अर्ज करायला आला. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. दुसरी मुलगी बघून ठेवलेली, पण तिच्या बापाची अट, घरात सवत नको.

वकीलसाहेब म्हणाले, "एवढ्यावर फारकत मिळायची नाही. बायकोची चाल वाईट आहे, असं घालू."

तुकाराम दचकला. "पन ती तशी न्हाई हो!"

"अरे, कागदापुरतं!"

मी लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली.

*

सगुणा तेव्हा माहेरी, विंझरला होती. समन्स तिथं गेलं. घरात वाचणारं कुणी नाही, म्हणून तिचे वडील कागद घेऊन देवळात गेले. पुजाऱ्यानं चारचौघांत मोठ्यानं वाचला. वडलांनी मधेच कागद ओढून घेतला, पण तोवर ते वाक्य वाचून झालं होतं.

पंधरा दिवसांत सगुणाच्या धाकट्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली.

*

फारकत झाली. तुकारामानं दुसरं लग्नही केलं. आणि सगुणानं त्याच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद लावली! फारकतीनंतर पुन्हा कोर्टाची पायरी चढणारी बाई आम्ही पाहिली नव्हती.

कोर्टाच्या आवारात वकीलसाहेब तिला म्हणाले, "बाई, सुटलात ना एकदाच्या? आता कशाला भांडता?"

"मी सुटले. भन कुठं सुटली?"

साहेबांनी पानाचा डबा उघडला आणि सुपारी कातरायला घेतली.

*

न्यायाधीशांनी तुकारामाला विचारलं, "तू डोळ्यांनी काही पाहिलंस?"

"न्हाई जी."

"कुणी सांगितलं?"

"न्हाई."

"मग अर्जात आलं कुठून?"

तुकारामानं माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी लिवलं!"

सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो. सगुणा वळून माझ्याकडे बघत होती.

"तुमीच व्हय?" एवढंच म्हणाली.

*

अर्जातला आरोप खोटा ठरला. तुकारामानं भर कोर्टात तिच्यापुढं हात जोडले. सगुणा बाहेर आली.

बाहेर बैलगाडीपाशी तुकारामाची आई उभी होती. मोतीबिंदूनं दिसणं बंद झालेलं. पावलांच्या आवाजावरून तिनं सगुणाला ओळखलं आणि तिचा हात धरला.

"सगुणे, मिटलं न्हवं समदं? चल घरी. तू गेल्यापासनं माजं डोस्कं कुनी इंचरलं न्हाई बग."

सगुणानं सासूला पायरीवर बसवलं. तिचा अंबाडा सोडला. बोटांनीच गुंता काढला, हळूहळू, एकेक बट धरून. पुन्हा घट्ट अंबाडा घातला, तिचा पदर डोक्यावरून नीट केला, म्हातारीला धरून गाडीत बसवलं आणि स्वतः विंझरच्या वाटेला लागली.

तुकारामानं कासरे हातात घेतले.

म्हातारी मागं हात चाचपत विचारत होती, "सगुणा बसली का रं?"

तुकाराम बैलांनाच हाका देत राहिला.