तेरच्या बंगल्याचं ओलं लाकूड

निजामाच्या काळात नारायणराव बांधकामाच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या उर्दू अक्षराची तारीफ थेट हैदराबादपर्यंत व्हायची, असं ते स्वतः सांगत. मुलूख मुंबई राज्यात गेला आणि ते अक्षर बिनकामाचं झालं. मराठी टिपण लिहिताना त्यांचा हात अडखळे. इंग्रजी लिहिलं की साहेब हसत. शेवटी त्यांना धाराशिवच्या गोदामात बसवलं. फावडी, घमेली, चुन्याची पोती आणि नारायणराव. तिकडं कुणी फिरकायचं नाही.

महाराष्ट्र झाल्यावर जवळच्या तेर गावी सरकारी विश्रामगृह बांधायचं ठरलं. जुन्या विटा न् नाणी बघायला मोठी माणसं येतात, त्यांना उतरायला जागा नको? बंगला खांबापासून छतापर्यंत सागवानाचा. लाकूड चांद्याच्या जंगलातून आलं, ते कोवळं आणि ओलं. ओलं लाकूड जडवलं की पुढं वाकतं, सांधे उघडतात. म्हणून औरंगाबादहून एक यंत्र आलं. लहानशी पेटी, आत बॅटरी, बाहेर दोन सुया, काचेखाली काटा. सुया लाकडात टोचल्या की आतल्या ओलीतून वीज वाहायची आणि काटा ओल सांगायचा. ओल चौदा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय एकही फळी लावायची नाही, असा हुकूम होता. आता यंत्राबरोबर एक माणूस हवा होता. जो गेला तरी कुणाचं काही अडणार नाही असा माणूस कचेरीत एकच होता.

थोड्याच दिवसांत तेर त्यांना 'यंत्रवाले साहेब' म्हणू लागलं. रोज सकाळी नारायणराव जोत्यावर चढत, सुया टोचत आणि खड्या आवाजात सांगत, "बावीस!" सुतार गोरोबा, त्याचे गडी आणि आसपासची रिकामी मंडळी माना डोलवत. बावीस म्हणजे चांगलं की वाईट, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मग बायका पापड तपासायला घेऊन आल्या. एकानं कडब्याची पेंढी आणली. सिदू धनगर तर खोकणाऱ्या बापालाच घेऊन आला.

"साहेब, छातीत पाणी हाय का, तेवढं बघा."

नारायणरावांनी नकार दिला, पण जरा विचार करून.

उन्हाळ्यानं आपलं काम चोख केलं. बाविसाचे अठरा झाले, अठराचे पंधरा. आकडा उतरू लागला तसा नारायणरावांचा चेहराही उतरू लागला. लाकूड वाळलं की यंत्र औरंगाबादला जाणार आणि ते स्वतः पुन्हा गोदामातल्या घमेल्यांत. एका सकाळी काटा तेरा टक्क्यांवर येऊन थांबला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, सुया उपसल्या आणि सगळ्यांत खालच्या, जोत्याला मारलेल्या पाण्यानं ओल्या झालेल्या मातीला टेकलेल्या फळीत रुतवल्या.

"सतरा!" ते ओरडले.

"काल तर पंधरा व्हते न्हवं?" गोरोबानं विचारलं.

"कालचं काल. यंत्र तुला कळतं की मला?"

"तुमालाच की," असं म्हणून गोरोबा तंबाखू मळू लागला. त्याला रोजानं मजुरी होती. लाकूड वाळो न वाळो, त्याचा दिवस भरत होता. सतरा त्यालाही मानवले.

पावसाळा लागला. लाकूड झाकायला एक ताडपत्री आली होती. नारायणरावांनी ती बांबूंवर ताणली, खाली टेबल-खुर्ची मांडली आणि टेबलावर यंत्र ठेवलं. लाकूड बाहेरच.

पहारेकरी बिराप्पा भीतभीत म्हणाला, "साहेब, ती ताडपत्री लाकडावर टाकली तर?"

"आणि यंत्र भिजलं म्हणजे? मग लाकूड ओलं आहे हे कळणार कसं?"

बिराप्पा डोक्यावर पोतं घेऊन परत पहाऱ्याला गेला.

वीस, चोवीस, तीस. आकडा चढला तसा आवाज चढला. वरून शाबासकीही आली: नारायणरावांसारखा दक्ष माणूस होता म्हणून असलं लाकूड बंगल्याला लागलं नाही. त्या दिवशी त्यांनी कामावरच्या सगळ्यांना चहा पाजला.

पाऊस सरल्यावर इंजिनियरसाहेब जीप घेऊन आले. फळ्या धनुष्यासारख्या वाकल्या होत्या, वर पांढरी बुरशी चढली होती, एका खांबाला तर अळंबी फुटली होती.

"इतके दिवस तुम्ही काय करत होतात?"

"मोजत होतो साहेब. एक दिवस खाडा नाही."

साहेबांनी एकदा ताडपत्रीकडं पाहिलं, एकदा टेबलाकडं. पण शाबासकी त्यांनीच धाडली होती. नारायणरावांना रागवायचं म्हणजे थोडं स्वतःलाही रागवणं आलं. त्यांनी निकाल दिला, की लाकडाची जातच खराब. आता बंगला लोखंडाचा करा, वर पत्रा टाका.

लोखंडी खांब आले. गडी भाकरी खायला गेल्यावर नारायणराव पेटी घेऊन एका खांबापाशी गेले आणि त्यांनी सुया नुसत्या टेकवल्या. काटा सर्रकन शेवटच्या टोकाला जाऊन आदळला. इतका मोठा आकडा त्यांनी कधी पाहिला नव्हता. छाती भरून आली, "गोरो..." अशी हाकही तोंडातून निघाली, आणि तिथंच अडकली. लोखंड ओलं आहे, असं जोत्यावर उभं राहून कसं सांगायचं? ते ताडपत्रीखाली जाऊन बसले. समोर ती वाकडी लाकडं पडली होती. त्यांतलं बरंचसं तेरा टक्क्यांवर आलं होतं, हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

यंत्र साहेबांच्या जीपमधून गेलं. नारायणराव मागून एस.टी.नं. बंगला उभा राहिला; पत्रा असा तापे की साहेबलोक वरांड्यात चहा घेऊन मुक्कामाला धाराशिव गाठत.

पुढं कधी शेजारची गिरिजाबाई सहज विचारी, "भावजी, तुम्ही तेरला कोणत्या कामावर होतात हो?" नारायणराव घसा साफ करून आठवू लागत. तोवर त्यांच्या बायकोचं, चंद्रप्रभाबाईंचं, उत्तर आतून येई.

"पाऊस पडला की पाऊस पडला म्हणून सांगायला."